डोळ्यानं दिसत नाही, दिवसभर खाटेवर बसून डोस्कं खराब होऊन रायलं. चालाचं कसं?

पांदणरस्ता | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१०

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहून रायलो. लिहून म्हणजे बोलून. मी बोलतो, मोबाईल टाइप करते, अन् टॉकबॅक वाचून दाखवते. चुका झाल्या तं समजून घ्या.

वय ४१. मले रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू खराब होत जाते. पोरपणी रातांधळेपणा होता, मंग बाजूचं दिसनं कमी होत गेलं. आता नळीतून पायल्यावानी समोरचं थोडंसं दिसते, थेही उजेड बरोबर असला तं. नजरेचा घेर १० अंशाच्या आत आला म्हणून प्रमाणपत्रावर अंध लिहून आलं. मोठ्या दवाखान्यात सांगतलं, याच्यावर औषध नाही, आराम करा. घरच्याईनं तेवढा एक शब्द पक्का धरला.

दोन वर्सांआधीपर्यंत मी डवरा धरत होतो. एक डाव धुऱ्यावरून पडलो, पाय मुरगळला. मंग एकदा बिनकठड्याच्या विहिरीजोळ पोचलो, कोणी तरी वरडलं म्हणून वाचलो. तवापासून माय म्हणते, बाबू तू बस, आमी आहोत ना. खाटेवर चहा, खाटेवर जेवन. सध्या येचणी चालू आहे, सगळे सकाळीच वावरात जाते. घरी मी अन् कुत्रं. वजन ११ किलो वाढलं. रातभर झोप नाही, दिवसा डुलक्या. पोरगी शाळेतून आली अन् काही विचारलं का तिच्यावर खेकसतो. पोळ्याले बैल भावानंच तोरणाखाली नेले, मी ओट्यावर बसून घुंगरं ऐकले.

गावात जिम नाही, धड रस्ता नाही, संगं फिराले कोणी रिकामं नाही. अशा मानसानं अंग हालवाचं कसं? अन् त्यानं डोस्क्याले खरंच फरक पडते का, कोणाचा अनुभव असंन तं सांगा. गोडगोड सांगू नोका.

---

रामप्रहर | ४ नोव्हेंबर, सायं. ६:३०

भाऊ, मन खंबीर ठेवा. रोज पहाटे १२ सूर्यनमस्कार, ५ मिनिटे शीर्षासन, मग त्राटक. नजरेतही फरक पडेल. आपल्या माधानचे गुलाबराव महाराज बघा. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ लिहून गेले. प्रज्ञाचक्षू म्हणतात ते उगाच नाही.

---

काठीवाला_सर | ४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

रामप्रहर, महाराजांबद्दल मलाही आदर आहे, अमरावती जिल्ह्यातलाच आहे मी. पण कोणी म्हणालं 'मी दोन वर्षं खाटेवर बसून आहे' की आपण त्याला लगेच संत नाही तर सूरदास करून टाकतो. त्याला ग्रंथ लिहायचे नाहीत हो, त्याला गोठ्यापर्यंत जायचं आहे.

पांदणरस्ता, मी जन्मापासून पूर्ण अंध. निवासी अंधशाळेत शिकलो, आता स्वतः शिकवतो. तुमचं दुखणं माझ्यापेक्षा वेगळं आहे. मी काही गमावलं नाही, तुम्ही थोडं थोडं करून रोज गमावत आलात. तरी खाटेचं मला ठाऊक आहे. सुट्टीत गावी गेलो की आजी मला ओट्यावरून उतरू द्यायची नाही. शाळेत मी झाडावर चढायचो आणि घरी माझ्या हातात पाण्याचा पेला आणून द्यायचे. महिन्याभराच्या सुट्टीत मी चिडका, रडका आणि लठ्ठ होऊन परत जायचो.

एक सांगतो, करून पाहा. आमच्या शाळेच्या मैदानात दोन खांबांमध्ये तार ताणलेली होती. तारेत एक कडी. कडी धरायची आणि पळायचं. ती तारेवरून सरकत येते आणि तुम्ही सरळ रेषेत राहता. टोकाच्या सहा-सात फूट आधी तारेला गाठ, म्हणजे कडी अडकली की थांबायचं. सोबत कोणी लागत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा जिवाच्या आकांतानं पळलो ते त्या तारेवर.

---

सेलूची_फिजिओ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात काम करते. आधी रामप्रहर यांच्या सल्ल्याबद्दल, कारण हा धागा इतरही लोक वाचतील. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, डोकं खाली जाईल असं काहीही करू नये. डोळ्यातला दाब वाढतो. मधुमेहामुळे पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं टाळायचं, आत रक्तस्राव होऊ शकतो. पडदा सरकण्याचा धोका सांगितला असेल तर उड्या आणि हिसके नकोत. सूर्याकडे बघून त्राटक तर कोणीच करू नये. पांदणरस्ता, तुमच्या आजारात चालण्याला काही आडकाठी नाही. फक्त सोबत काचबिंदू किंवा मोतीबिंदू आहे का, ते एकदा तपासून घ्या.

आता पडण्याबद्दल. शरीराचा तोल तीन गोष्टींवर असतो: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायाच्या तळव्यापासून सांध्यांपर्यंतची जाणीव. तुमचा पहिला आधार कमी झाला, म्हणजे उरलेल्या दोघांना जास्त काम द्यायला हवं. झालं उलटंच. पडलात म्हणून बसलात, बसलात म्हणून मांड्या आणि पोटऱ्या बारीक झाल्या, आता उठाल तर पडण्याचा संभव पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून एकदम तारेवर जाऊ नका. आधी आठ-दहा दिवस खाटेच्या कडेवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं. टाचा उचलायच्या. अंगणात अनवाणी करा, तळव्याला जमीन कळू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हालचालीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदाच वेगळं सांगितलं. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं. शेतातलं आणि घरातलं कामही त्यात धरतात.

आणि एक सरळ विचारते, राग मानू नका. जीव द्यायचे विचार येतात का? येत असतील तर व्यायामाची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

शंकासुर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

'व्यायामाने सगळं होतं' हे वाक्य ऐकून कान किटले, म्हणून जरा शोधून वाचलं. डोळ्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या, दृष्टी गेलेल्या रुग्णांवरचे अभ्यास २०२१ मध्ये कोणी एकत्र करून पाहिले, त्यात साधारण चौघांत एकाला नैराश्य निघालं. म्हणजे धागाकर्त्याला होतंय ते काही जगावेगळं नाही. कमी हालचाल करणारे दृष्टिबाधित जास्त उदास असतात हेही बऱ्याच पाहण्यांत दिसतं. पण या पाहण्या एका वेळच्या असतात. माणूस बसला म्हणून उदास झाला की उदास झाला म्हणून बसला, हे त्यातून कळत नाही. प्रत्यक्ष व्यायाम देऊन पाहिलेले प्रयोग दृष्टिबाधितांमध्ये लहान-लहानच आहेत. डोळस लोकांमध्ये मात्र व्यायामानं नैराश्य उतरतं याचा पुरावा चांगला भक्कम आहे.

तेव्हा माझं मत: करून पाहण्यात तोटा काही नाही, पण चमत्कार होईल म्हणून करू नका.

---

धुरकरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

भाऊ, तारेचं मी सांगतो, संत्र्याच्या बगिच्यात जिंदगी गेली. कपडे वाळू घालाची प्लास्टिकची दोरी घेऊ नोका, उन्हानं तडकते अन् ढिली पडते. लोखंडी जीआय तार घ्या, जाड. एक टोक निंबाले, दुसरं गोठ्याच्या डांबाले. झाडाले डायरेक्ट बांधू नोका, साल कापते, मधात टायरचा तुकडा द्या. ताणाले टर्नबकल भेटते हार्डवेअरच्या दुकानात. कडी तं घरीच असंन, बैलाच्या दाव्याची. अन् फेन्सिंगची काटेरी तार उरली आहे म्हणून तेच बांधू नोका बाप्पा, आमच्या गावात काही सांगता येत नाही.

---

पांदणरस्ता | ५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

ताई, विचारलं थे बरं केलं. आले होते. पोळ्याच्या टायमाले. आता नाही येत रोज, पण त्या विहिरीची वाट मले कशी पाठ झाली, हे मी घरी कोणाले सांगतलं नाही. नंबर पोरीकडून सेव्ह करून घेतला, तिले सांगतलं बँकेचा आहे.

रात झाली, झोप नाही म्हणून लिहून रायलो.

---

काठीवाला_सर | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

त्या नंबरवर आज फोन करा. उद्या नाही. काय बोलायचं सुचलं नाही तर इथं लिहिलं तेच वाचून दाखवा. आणि घरात निदान एकाला तरी ती विहिरीची वाट सांगा. सांगून झालं की इथं फक्त 'केलं' एवढं लिहा.

झोपेबद्दल, कारण हे डॉक्टरही कधी सांगत नाहीत. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा जरासं मोठं असतं आणि डोळ्यात शिरणारा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. ज्यांना उजेडच कळत नाही, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं घड्याळ रोज थोडं थोडं पुढं सरकत जातं. काही दिवस रात्री झोप, मग काही दिवस भर दुपारी. मी वीस वर्षं स्वतःला आळशी समजत होतो. तुम्हाला उजेड कळतो, म्हणजे तुमच्याकडे इलाज आहे: सकाळी अंगणात या. खाट घरात अंधाऱ्या खोलीत असेल तर तिथंच अर्धं दुखणं आहे.

---

पांदणरस्ता | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

केलं. पंधरा-वीस मिनिटं बोललो. पोरगी नाही, भावाले सांगतलं. तो काही बोलला नाही. सांजच्याले बंडी घेऊन गेला अन् त्या विहिरीवर चार पाट्या आडव्या टाकून आला.

---

अचलपूरची_सून | ९ नोव्हेंबर, दुपारी १:००

माझे सासरे ७२ वर्षांचे, साखरेनं दोन्ही डोळे गेल्यात जमा. दोन महिन्यांपासून म्हणतात, अंगणात लहान लहान लेकरं रंगीत कपडे घालून उभी दिसतात. बोलत नाहीत, नुसती उभी. शेजारणी म्हणतात बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी न्या. ते स्वतःच म्हणतात, मला माहीत आहे ती खरी नाहीत. पण आता अंगणात यायलाच नाही म्हणतात. त्यांना वेड लागतंय का?

---

सेलूची_फिजिओ | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

ताई, 'मला माहीत आहे ती खरी नाहीत' हे त्यांचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. नजर गेल्यावर मेंदूला चित्रं पोचत नाहीत, मग तो आपल्या मनानं काढतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. १७६० मध्ये बॉनेट नावाच्या स्विस अभ्यासकानं आपल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलं होतं. आजोबांचं डोकं शाबूत होतं. तुमच्या सासऱ्यांचंही असेल, पण साखर फार खाली जाणं, ताप, एखादं औषध, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. लेकरं दिसली की डोळे दोन-चारदा इकडून तिकडे फिरवायचे, दिवा लावायचा, जागेवरून उठायचं. बऱ्याचदा चित्र विरतं. अंगणात यायचं बंद करू देऊ नका. तुम्ही हात धरून त्या 'लेकरां'मधूनच त्यांना एक चक्कर मारून आणा.

---

अचलपूरची_सून | ९ नोव्हेंबर, सायं. ७:२५

आणली. म्हणाले, बाजूला सरली पोट्टी. आणि हसले. लय दिवसांनी.

---

पांदणरस्ता | २४ नोव्हेंबर, सायं. ५:४५

तार बांधली. निंबापासून गोठ्यापर्यंत ६० फूट. जाऊन-येऊन १२० धरलं तं २७ फेऱ्या झाल्या का एक किलोमीटर. पहिल्याच दिवशी मायनं तिच्यावर लुगडं वाळू घातलं. मी कडी धरून निंगालो तं तोंडावर ओलं लुगडं.

मायचं भेव काही जाईना. मी उठलो का तिचा जीव वरखाली. मंग मीच तिले काम देल्लं. ती ओट्यावर बसते, पदरात तुरीचे दाणे घेते, एक फेरी झाली का एक दाणा इकडून तिकडं. चुकली तं मी भांडतो. तिले फेऱ्या मोजाच्या लागते म्हणून आता तीच मले हाका मारते, अजून चार रायल्या रे.

आज २२ झाल्या. पोटऱ्या दुखून रायल्या. राती दोन वाजेलोक जागतो अजून, पण आधी चार वाजत.

---

धुरकरी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

मायले पगार सुरू करा.

---

पांदणरस्ता | १९ डिसेंबर, दुपारी १२:३०

आठ दिवसांपासून बंद आहे. भावानं बंडी तारेखाली आडवी उभी केली, मी बिनधास्त चालत गेलो, धुरी कपाळावर. तीन टाके. घरचे म्हणते तार काढून टाकू. खरं सांगू का, मलेही तेच पायजे होतं असं वाटलं. खाटेवर पडलो अन् लय बरं वाटलं. त्याचंच भेव वाटून रायलं.

---

काठीवाला_सर | १९ डिसेंबर, दुपारी १:१५

माझ्या कपाळावर सात खुणा आहेत, दोन अर्धवट उघड्या दाराच्या. दार पूर्ण उघडं असावं नाही तर पूर्ण बंद, हे बायकोला समजायला तीन वर्षं लागली, भावाला एक बंडी लागली, स्वस्तात झालं. टाके निघाले की त्याच जागेवरून जा. आणि घरात एकच नियम करा, तारेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट काही ठेवायचं नाही. चुन्याची रेघ मारून घ्या.

आणि मोठेपणाची गोष्ट सांगायची तर रामप्रहरांसारखी मीही एक सांगतो. कपिल परमार, मध्य प्रदेशातला. पोरपणी शेतातल्या पाण्याच्या पंपाचा शॉक लागला, पुढं नजर गेली. पॅरिसला २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये ज्युडोत कांस्य मिळवलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं ज्युडोतलं पहिलं पदक. अंधांच्या ज्युडोत कुस्ती सुरू होते तीच एकमेकांना धरून. मग डोळ्याचा संबंधच उरत नाही. आपल्याकडे गावोगावी आखाडे होते, अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि तरी आखाड्यात अंध पोराला उतरवावं हे आपल्याला सुचत नाही. हे माझं जुनं रडगाणं आहे, जाऊ द्या.

---

पांदणरस्ता | १७ जानेवारी, सकाळी १०:००

संक्रांतीपासून परत चालू आहे. भाऊ आता त्या रेघेत कोंबडी आली तरी वरडते.

एक गोष्ट सांगाची होती. नुसत्या फेऱ्याईनं मी डिसेंबरातच कटाळलो होतो, टाके तं निमित्त झालं. कडी धरून जा अन् या, जा अन् या, घाण्याच्या बैलावानी. मंग एक दिवस गोठ्याच्या टोकाले पोचलो तं गाय हंबरली. हात लावून पायलं तं टोपलं रिकामं. म्हणून कुटार नेऊन टाकलं. आता पायटे पाच वाजता मीच कुटार टाकतो, पानी पाजतो, शेण काढतो. कडी एका हातात, बादली दुसऱ्या हातात. फेऱ्या मोजत नाही. परवा भाऊ मायले म्हणे, दोन दिवस बाहेरगावी जातो, ढोराईचं तो पायते. त्यानं 'तो' म्हणलं अन् पुढं काही बोललाच नाही, जसं नेहमीचंच आहे. मी तिकडं खोलीत ऐकत होतो.

रातांधळ्याले पायटेचा अंधार अन् दुपार सारखीच, तारेवर.

---

सेलूची_फिजिओ | १७ जानेवारी, दुपारी २:४०

बादली दर दोन खेपांनी हात बदलून धरा, नाही तर कंबर एका बाजूला धरेल. आणि हो, ही बादली तुमच्या आठवड्याच्या दोन दिवसांच्या 'स्नायूंना जोर' मध्ये धरली जाते. वेगळे डंबेल घेऊ नका.

---

शंकासुर | १७ जानेवारी, सायं. ६:००

आता बरं वाटतंय ते चालण्यामुळे, झोपेमुळे, गाईमुळे की त्या फोनमुळे, हे सांगता येणार नाही. (सवय आहे, माफ करा.) झोपेचं काय?

---

पांदणरस्ता | १७ जानेवारी, सायं. ७:३०

साडेदहाले डोळा लागते. चिडचिड आहे, कमी आहे. पोरगी म्हणते कमी आहे, तिचंच खरं धराव. १४४१६ वाल्याईनं तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं होतं, गोळी सुरू आहे. गोळीमुळे असंन तं गोळीमुळे. मले गाय सोडाची नाही.

---

काठीवाला_सर | १८ जानेवारी, सकाळी ७:१०

गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, बरं वाटलं तरी.

पोरीला क्रिकेट आवडतं का? २०२५ च्या नोव्हेंबरात अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक झाला, कोलंबोला अंतिम सामना खेळून तो आपल्या मुलींनी जिंकला. आमचा चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे वाजतात, टाकायचा हात खालून. अंगणात खेळून बघा तिच्यासोबत. ती जिंकेल, तयारी ठेवा.

---

पांदणरस्ता | २२ मार्च, सकाळी ८:२०

दोन तकलिफी आहे. एक, तार तापाले लागली. नऊ वाजताच कडीचा चटका बसते. दोन, तारेच्या बाहेर जाव वाटते, पांदणीनं वावरापर्यंत. सरकारी शिबिरात पांढरी काठी भेटली होती, तीन वर्सांपासून कोठीत पडून आहे. काढली अन् चालून पायलं तं तिचं टोक भेगाईत अडकते अन् मूठ पोटात रुतते. पावसात तं काळ्या मातीत रुतूनच बसंन.

---

धुरकरी | २२ मार्च, सकाळी ९:०५

कडीले सुताडाच्या कपड्याचा फास बांधा, वीतभर. तो धरा, कडी नोको. एप्रिल लागला का सातच्या आत घरात. नवतप्यात तं चालाचं नावच नोका घेऊ, गायीलेही सावलीतच ठेवा.

---

काठीवाला_सर | २२ मार्च, सकाळी ९:५०

तुम्हाला मिळालं ते पेन्सिलसारखं बारीक टोक आहे. ते फरशीसाठी ठीक. पांदणीला फिरतं गोल टोक लागतं, लिंबाएवढं असतं, जमिनीवरून घरंगळत जातं, भेगेत जात नाही. टोक बदलता येतं, काठी तीच राहते. काठी खांद्याइतक्या रुंदीत डावी-उजवी फिरवायची, डावं पाऊल पुढं तेव्हा टोक उजवीकडे. काठीची उंची तुमच्या छातीच्या हाडापर्यंत येते का, ते आधी सांगा. शिबिरात सगळ्यांना एकाच मापाच्या वाटतात.

---

पांदणरस्ता | २२ मार्च, सकाळी १०:१५

मोजली. बेंबीच्या चार बोटं वर येते.

---

काठीवाला_सर | २२ मार्च, सकाळी १०:२०

मग ती काठी तुमची नाहीच. पोरीसाठी ठेवा, आंबे पाडायला. तुमची उंची सांगा.